कॉफी होईपर्यंत

१

डबा उघडायचा म्हणजे आधी त्याच्या पाठीवरचे रबरी ठिपके नखाने उचकटायचे. स्क्रू त्यांच्याखाली लपवलेले असतात. मग झाकण काढायचं, आतल्या पट्टीवरच्या टोकांना तारा लावायच्या, लॅपटॉप जोडायचा आणि डब्याला वीज दिल्या दिल्या लॅपटॉपचं एक बटण दाबत राहायचं. जरा उशीर झाला तर डबा जुन्या मालकाच्या तोऱ्यात सुरू होतो आणि पासवर्ड मागत बसतो. वेळ साधली तर गप्प उभा राहतो आणि तुमच्या हुकमाची वाट पाहतो.

लोथार म्रोस्कची वेळ सहसा चुकत नसे. पूर्व जर्मनीतल्या वाइसवासरच्या कोळशाच्या खाणीवर इलेक्ट्रिशियन म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. खाण बंद होत गेली, तो निवृत्त झाला, बायको मुलीच्या मागोमाग पश्चिमेकडे गेली ती गेलीच. मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून तो फ्रायफुंकच्या मंडळींत जाऊ लागला. ही मंडळी गावभर फुकटचं वायफाय पसरवतात. नवं सामान विकत घ्यायला कुणाकडे पैसा नाही, म्हणून कचेऱ्या, हॉटेलं आणि इस्पितळांनी छतावरून उतरवून टाकलेले वायफायचे पांढरे डबे मागून आणतात. डबे धडधाकट असतात. कंपनीने म्हातारे ठरवले म्हणून ते कचऱ्यात, एवढंच. त्यांच्यातलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारी आज्ञावली, पुसायचं आणि जगभरच्या हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेलं मुक्त फर्मवेअर आत घालायचं, की डबा पुन्हा कामाला लागतो.

सगळं पुसायचं, एक इवलासा कोपरा सोडून. त्या कोपऱ्यात त्या एकाच डब्याच्या रेडिओचं माप असतं, कारखान्यात घेतलेलं. ते गेलं की डबा कायमचा बहिरा. मंडळी त्या कोपऱ्याला कान म्हणत. नव्या माणसाला पहिली ताकीद हीच असायची, कान पुसायचा नाही. दुसरी ताकीद होती दाराची. आपल्या वायफायला पासवर्ड लावायचा नाही आणि आत येणाऱ्याला नाव विचारायचं नाही. या दोन गोष्टींवर लोथारचा एखाद्या पाद्र्यापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या हिवाळ्यात एक मोठं खोकं आलं, हाइडब्लिक नावाच्या वृद्धाश्रमातलं. आश्रम बंद पडला होता. प्रत्येक डब्यावर कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, दुसरा मजला डावीकडे, जेवणाची खोली, बाहेरचं दार. लोथारने एकेक डबा साफ केला आणि आपल्याच इमारतीच्या जिन्यात लावला, प्रत्येक मजल्याच्या छताला एक. इमारत जवळजवळ रिकामीच होती. घरं सांभाळणाऱ्या कंपनीने सगळ्या भाडेकरूंना दुसरीकडे हलवलं होतं, वसंतात पाडापाडी होणार होती. पाचव्या मजल्यावर एकटा लोथार उरला होता. मागच्या बाजूला परदेशातून आलेल्यांचं वसतिगृह होतं, तिथपर्यंत वायफाय पोचतं ते माझ्या गच्चीवरच्या ॲन्टेनामुळे, मी गेलो तर त्यांची पोरं आईशी बोलणार कशी, असं तो सगळ्यांना सांगे. ते खरंही होतं. पण त्याचा पाय निघत नव्हता, हे त्याहून खरं होतं.

दुपारी कॉफीच्या वेळी तो जिन्यातल्या डब्यांची हजेरी घेई. लॅपटॉपवर दिसे, कुठल्या डब्यावर किती पाहुणे. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. गच्चीवरच्या ॲन्टेनावर वसतिगृहातली गर्दी असायची. जिन्यातले डबे रिकामे. पाचव्या मजल्यावर एक, म्हणजे त्याचा स्वतःचा फोन.

एका दुपारी तिथे दोन दिसले.

२

लोथारने आधी स्वतःला शिव्या घातल्या. जुना टॅब कुठेतरी चालू राहिला असेल. तो शोधला, तो बॅटरी संपून ड्रॉवरमध्ये पडला होता. मग वाटलं, वसतिगृहातलं एखादं पोर आडोशाला येऊन बसलं असेल. दार उघडून तो जिन्यात गेला. थंडी भिंतीतून येत होती. खाली कुठल्यातरी रिकाम्या घरात खिडकीचं दार हलत होतं. "कोण आहे रे?" म्हणून त्याने हाक मारली आणि स्वतःचाच आवाज मजल्यामजल्याने खाली जाताना ऐकला. कुणी नव्हतं.

परत येऊन पाहतो तर पाहुणा तिथेच. आणि करत काहीच नव्हता. वायफायला येऊन चिकटणारा माणूस काहीतरी मागतो, बातम्या, गाणी, नकाशा. याने एक अक्षर घेतलं नव्हतं, एक अक्षर दिलं नव्हतं. नुसता येऊन बसला होता. अंधार पडता पडता आकडा पुन्हा एकवर आला.

दुसऱ्या दिवशी लोथार कॉफीच्या आधीच लॅपटॉप उघडून बसला. रेडिओची लहर आहे, असं काहीतरी असणार, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पाहुणा आधी तळमजल्याच्या डब्यावर उमटला. मग पहिल्या. मग दुसऱ्या. खालच्या डब्यावरून पुसला जाई तेव्हा वरच्यावर दिसे, जिना चढणाऱ्याच्या खिशातला फोन दिसतो तसाच. पण चढणं फार सावकाश होतं. लोथारची अर्धी कॉफी थंड झाली. तिसऱ्या मजल्यावर पाहुणा थांबला तो थांबलाच.

तिसऱ्या मजल्यावर एक लाकडी खुर्ची होती. पूर्वी तिथे राहणाऱ्या कुटुंबाने जिन्याच्या वळणावर मुद्दाम ठेवलेली, जाताना ती तशीच सोडून गेले होते. ती कुणासाठी ठेवली होती हे लोथारला पक्कं आठवत होतं. त्याने ते आठवू दिलं नाही. उठून बशी विसळली, पुसली, पुन्हा विसळली.

लॅपटॉपजवळ आला तेव्हा पाहुणा पाचव्यावर होता, आणि सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. इतक्या भरलेल्या रेघा दाराला टेकून उभं राहिल्याशिवाय दिसत नाहीत. लोथार दाराच्या भिंगाजवळ गेला, पण डोळा लावायचं धैर्य त्याला झालं नाही.

३

समोरच्या दारात पेटशिक नवराबायको राहत. इमारत बांधली तेव्हापासून समोरासमोर, तरी लोथार आणि फ्राउ पेटशिक शेवटपर्यंत एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत राहिले. दोघांनाही त्यात एक प्रकारची मजा वाटायची. म्हातारा वारला आणि बाई विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग गॅस, मग वार. भाच्याने त्यांना हाइडब्लिकमध्ये ठेवलं आणि घराचं कुलूप बदललं.

फ्राउ पेटशिक तिथे राहिनात. कॉफीच्या वेळी सगळे जेवणाच्या खोलीत केकपाशी गोळा झाले की या कोट चढवून निघत. तिथे सगळ्यांच्या मनगटावर पट्टा असे, त्याने दाराशी घंटी वाजायची, पण बाईंचा कुणाच्या तरी पाहुण्यांमागे गुपचूप बाहेर पडण्यात हातखंडा होता. गावभर चालत त्या आपल्या घरी येत. गुडघे गेलेले, म्हणून तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत दम खात. मग आपल्या दाराला किल्ली लावून पाहत, आणि ती लागली नाही की लोथारची बेल वाजवत.

"हेर म्रोस्क, माझं दार रुसलंय. जरा बघता का?"

"बघतो ना. आधी आत या, गारठलात. कॉफी होईपर्यंत बसा, मग जाऊ तुमच्या घरी."

"नुसती कॉफी हं. हे घरी यायचेत, बटाटे टाकायचेत."

त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसत, कपाचा कान डावीकडे फिरवून घेत, कारण त्या डावखुऱ्या होत्या. लोथार ओट्यापाशी जाऊन नळ पुरा सोडी. पाण्याच्या आवाजाआड आश्रमाला फोन लावी आणि हलक्या आवाजात सांगे, "हो, आल्यात त्या. बसवलंय मी. सावकाश या." कॉफी संपत आली की पांढरी गाडी येई. गाडीबरोबरचा माणूस मायेने बोलायचा, बाईंचं कोपर धरून त्यांना खाली नेई. बाई कधी भांडल्या नाहीत. जाताना लोथारकडे एकदा वळून बघत, बस्स. त्या बघण्यात राग नसे. लोथारला तो असता तर बरं वाटलं असतं.

दुसरं काय करणार होता तो? बाईंच्या भल्याचंच तो करत होता. आणि खरं सांगायचं तर बायको गेल्यापासून त्याच्या टेबलापाशी दुसरं कुणी बसतच नव्हतं, त्यामुळे तो त्या बेलची वाट पाहायचा. एका वसंतात बेल वाजायची थांबली. भाच्याने पत्र धाडलं, त्यात दफनाची तारीख होती.

४

गुरुवारी आंत्ये आली. फ्रायफुंकच्या मंडळींत आता खरे दोघंच उरले होते, हा आणि ती. गावातल्या शाळेचे संगणक सांभाळणारी बाई, जिभेला हाड नाही, पण मन मोठं. लोथारने बटाटे उकडले, दह्यासारखा क्वार्क घुसळला, वरून जवसाचं तेल सोडलं.

"तेल ओत ना हात सैल सोडून," ती म्हणाली. "घर पाडणारच आहेत, बाटली कुणासाठी ठेवतोस?"

"घर पाडेपर्यंत पुरायला हवी."

"म्हणजे तू खरंच इथे बसून राहणार. बुलडोझरवाल्याला कॉफी विचारणार."

"विचारीन. त्याचं तुला काय?"

"मला काय! माझ्या इमारतीत तळमजल्याचं घर रिकामं आहे, कधीचं सांगतेय. खाली तिघं म्हातारे रोज पत्ते कुटतात आणि चौथ्यावाचून त्यांचं अडतं. ॲन्टेना आपण वसतिगृहाच्या छतावरच नेऊ, त्यांच्या वॉर्डनशी मी बोलून आलेय. आता तुझ्याकडे कारण काय उरलं?"

लोथारकडे कारण उरलं नव्हतं. म्हणून त्याने तिच्यापुढे लॅपटॉप सरकवला आणि पाहुण्याबद्दल सांगितलं. पेटशिकबाईंचं नाव मात्र काढलं नाही.

आंत्ये हसली. "तुझ्याकडचं भूतसुद्धा तुझ्याच वळणाचं आहे. फुकटचं वायफाय, तरी एक अक्षर खर्चत नाही." मग तिने पाहुण्याच्या यंत्राचा पत्ता वाचला. अशा पत्त्याच्या सुरुवातीवरून यंत्र कुणी बनवलं ते कळतं. ती शोधत राहिली, आणि हसणं तसंच ठेवून म्हणाली, "ही कंपनी फोन बनवतच नाही. म्हाताऱ्या लोकांच्या मनगटाचे पट्टे बनवते. दाराशी गेले की घंटी वाजते ते."

लोथारने दाराकडे पाहिलं. मग आंत्येने टेबलावर थाप मारली. "अरे बाबा, खोकं! आश्रमाच्याच खोक्यात पडला असेल एखादा."

खोकं उपडं केलं. स्क्रू, क्लिपा, तारांचे तुकडे आणि तळाशी एक राखाडी पट्टा निघाला. त्याचं बक्कल बंदच होतं आणि पट्टा बाजूने कात्रीने कापलेला होता. लोथारला एवढं हायसं वाटलं की तो मोठ्याने हसला.

"सुटलो!"

"तुझा पाहुणा मी घेऊन चालले," आंत्ये म्हणाली आणि पट्टा पिशवीत टाकला. "शाळेत बघते, बॅटरीत अजून धुगधुगी आहे की काय. आणि घराचं उत्तर मला या आठवड्यात हवंय, लोथार. तुझ्याकडे चढून यायचं म्हणजे माझा जीव जातो."

ती गेल्यावर त्याने भांडी घासली. पट्टा खोक्यात पडून होता, तर मग जिना कोण चढत होतं, हे त्याच्या मनात आलं. ते त्याने तिथेच सोडून दिलं.

५

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी आंत्येचाच फोन आला. "पट्टा ठार मेलेला आहे रे. उघडून पाहिला. बॅटरी फुगून गंजून गेलीय, वर्षापूर्वीच गेली असणार. तुझ्याकडे काय म्हणतंय?"

लोथार लॅपटॉपकडे बघत होता. "तिसऱ्या मजल्यावर आहे," तो म्हणाला.

फोनवर मागे शाळेच्या आवारातला गोंगाट होता. "पासवर्ड लाव," आंत्ये म्हणाली.

"फ्रायफुंकला पासवर्ड?"

"एका दिवसासाठी. मी कुणाला सांगणार नाही. खोडी काढणारा कुणी असेल तर कळेल तरी."

त्याने पासवर्ड लावला. पाहुणा सगळ्या डब्यांवरून पुसला गेला. लोथार खुर्चीत मागे टेकून बसला. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर होती आणि बाहेर बर्फ न पडता नुसतंच आभाळ खाली आलं होतं.

मग त्याने सहज डब्यांची नोंद उघडली. डबा कुणाला आत घेत नसला, तरी कुणी येऊन गेलं एवढं टिपतो. पाचव्या मजल्याच्या डब्यावर एकाखाली एक ओळी उतरत होत्या. कुणीतरी आत येऊ पाहत होतं आणि डबा नाही म्हणत होता. थोडं थांबून पुन्हा. पुन्हा नाही. त्यात घाई नव्हती, चिडणं नव्हतं. बंद दारापुढे उभं राहून, हे आपलंच घर ना, अशा भाबडेपणाने माणूस पुन्हा किल्ली लावून पाहतं, तशा त्या ओळी येत होत्या. लोथारने लॅपटॉप मिटला, रेडिओ लावला, रेडिओ बंद केला. त्याचं सगळं लक्ष जिन्याकडे होतं, आणि जिन्यात आवाज काहीच नव्हता.

अंधार पडायच्या आत त्याने पासवर्ड काढून टाकला. आंत्येला नंतर सांगितलं की लावायलाच विसरलो.

काढल्याबरोबर पाहुणा आला. सगळ्या रेघा भरल्या, आणि लोथारच्या फोनच्या रेघा आणि त्याच्या रेघा एका मापाच्या झाल्या. म्हणजे पाहुणा आता दाराबाहेर नव्हता, घरात होता. त्याला भीती वाटली, खूप वाटली. आणि तरी तो उठला आणि खिडकीपाशी दुसरा कप ठेवला.

६

इथून पुढे काही दिवस लोथार सुखात होता, हे कबूल करायला हवं. दुपार झाली की तो दाढी करायचा. इस्त्रीचा शर्ट घालायचा. बेकरीतून खसखशीचा केक आणायचा, दोन तुकडे. टेबलापाशी बसून तो आभाळाबद्दल बोलायचा, खाणीत आता तळं कसं भरत आलंय ते सांगायचा. समोरची खुर्ची रिकामी असे आणि लॅपटॉपवर रेघा भरलेल्या असत. सगळा वेडेपणा आहे, हे त्याला कळत होतं. एखाद्या जुन्या डब्याचा कान बिघडला असेल, आणि तो ऐकलेलंच पुन्हा ऐकत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. कान आपण पुसत नाही, मग आश्रमातलं थोडं तिथे राहिलं असेल तर त्यात काय एवढं, असंही तो म्हणायचा. यातलं काही होत नसतं हे त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी आंत्येकडे फ्रायफुंकची बैठक होती, तिला तो गेला नाही. पुढच्यालाही गेला नाही. एकदा कॉफीच्या वेळी डाकघरात जायला निघाला तर तळमजल्यावर पोचताच वाटलं, शेगडी चालूच राहिली. पाच मजले चढून आला. शेगडी बंद होती. पुन्हा निघाला, पुन्हा तेच वाटलं. तिसऱ्या खेपेला तो चढता चढता वळणावरच्या खुर्चीत बसला आणि बराच वेळ बसून राहिला. आपण कुठे निघालो होतो, ते त्याला चटकन आठवेना.

मग ती दुपार आली. तो मागच्या खोलीत कपाट आवरत होता. कॉफीचा वास आला म्हणून स्वयंपाकघरात आला. टेबलावर दोन कप भरलेले होते, वाफ निघत होती. खिडकीपाशीच्या कपाचा कान डावीकडे फिरवलेला होता.

लोथार दारातच उभा राहिला. मीच केली असणार, त्याने मोठ्याने म्हटलं. दुसरं कोण आहे इथे? मीच केली आणि विसरलो. कान मीच फिरवला आणि तेही विसरलो. हे म्हणताना त्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर पेटशिकबाई या स्वयंपाकघरात होत्या, नाहीतर पेटशिकबाईंना जे झालं होतं ते त्याला होत होतं. यातलं कुठलं बरं, ते त्याला ठरवता येईना.

त्याने उभ्याउभ्याच आंत्येला फोन लावला. "ते तळमजल्याचं घर," तो म्हणाला. "घेतो मी."

"देवा! कधीपासून?"

"उद्या जमेल का?"

"लोथार, तू रडतोयस का?"

"सर्दी झालीय. उद्या जमेल का तेवढं सांग."

७

उद्या जमलं नाही, परवा जमलं. आंत्येने शाळेच्या माळ्याचा टेंपो आणि आपले दोन धिप्पाड भाचे आणले. दुपारपर्यंत पलंग, कपाटं, शेगडी, सगळं खाली गेलं. कंपनीच्या माणसाने येऊन घराचं पाणी तळातूनच तोडलं आणि कागदावर लोथारची सही घेतली. भाचे टेंपो घेऊन पुढे गेले. आंत्ये आपल्या गाडीत दार उघडं टाकून बसली, मांडीवर लॅपटॉप.

"डबे उरलेत जिन्यातले," लोथार म्हणाला. "पाचव्यापासून काढत खाली येतो. तू बघत राहा, एकेक बंद होतोय ना."

"राहू दे ना ते डबे. चल."

"चालते डबे बुलडोझरखाली घालू? नाही जमायचं. नव्या घराच्या जिन्यात लावू."

"हट्टी. फोन दे इकडे, चार्जिंगला लावते. मेलेला दिसतोय तुझ्यासारखाच."

त्याने तिच्या हातात फोन दिला आणि तो वर गेला. कॉफीची वेळ झाली होती, पण आज ते मनात आणायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. पाचव्यावरचं घर उघडून एकदा पाहिलं. रिकाम्या घरात खिडकीचा चौकोन तेवढा जमिनीवर पडला होता. त्याने दार ओढून घेतलं, दोनदा किल्ली फिरवली, किल्ली खिशात टाकली. समोरच्या दाराकडे बघून टोपी काढली. येतो, फ्राउ पेटशिक, असं तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला खरंच मोकळं वाटलं. मग छताचा डबा सोडवला, तार ओढली.

"पाचवा गेला!" आंत्ये खालून ओरडली. इमारतीचं दार तिने उघडं अडकवून ठेवलं होतं, आवाज जिन्यातून घुमत वर आला.

चौथ्यावरचा डबा काढताना दम लागला. "चौथा गेला!" दोन डबे काखेत, हात भरून आलेले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो आला आणि खुर्ची दिसली. जरा टेकू, मग तिसरा काढू. तो बसला. गुडघे दुखत होते, आजच एवढे का दुखताहेत, ते कळत नव्हतं.

"तिसऱ्यावर दम खातोयस ना?" आंत्येचा आवाज आला. "दिसतोयस मला. रेघा भरल्यात बघ."

लोथार हसत होता. मग हसायचा थांबला.

"आंत्ये," तो खाली बघून म्हणाला. "मी कसा दिसीन? फोन तुझ्याकडे आहे."

खाली गाडीचं दार आपटलं आणि फरसबंदीवरून तिचे बूट वाजत आले. "लोथार," ती इमारतीच्या दारातून म्हणाली, आणि आता ती ओरडत नव्हती. "तो जुनाच पत्ता आहे. पट्ट्याचा. तू चौथ्यावर होतास तेव्हा तो चौथ्यावर होता. तू ये खाली. डबा राहू दे. आत्ता ये."

तो उठणार होता. हातांनी खुर्चीच्या कडा धरल्याही होत्या. पण वरून कॉफीचा वास आला, ताज्या, नुकत्या ओतलेल्या कॉफीचा, आणि त्याच्या अंगातली सगळी धावपळ एकदम निवली. एवढ्या थंडीत, एवढे जिने उतरून, कुठल्या अनोळखी घरी जायचं होतं आपल्याला? घर तर वरच आहे. किल्ली खिशात आहे. कॉफी होईपर्यंत बसायला काय हरकत आहे?

"लोथार! उत्तर दे!" खाली जिन्यावर तिची पावलं वाजू लागली.

तेवढ्यात पाचव्या मजल्यावर, त्याने स्वतः दोनदा किल्ली फिरवलेल्या दारामागे, नळ सुटला. पुरा, धो धो. लोथार मान वर करून ऐकत राहिला. या गावात तो आवाज कशासाठी असतो हे माहीत असलेली दोनच माणसं होती. पाण्याआडून कुणीतरी फोनवर बोलत होतं, एक बाई, हलक्या आवाजात, फार मायेने.

"हो, आलेत ते. बसवलंय मी. सावकाश या."